पडद्यावरचा कीचकवध पाहून प्रेक्षक बेशुद्ध पडले होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची गोष्ट

मोबाईल उघडा आणि अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत राहा. आधी मिसळीची रेसिपी येते, मग कुणाच्यातरी लग्नाचं रील, आणि लगेच खाली युद्धात कोसळलेल्या इमारतीतून बाहेर काढलेलं लहान मूल. काही फोटोंवर धुरकट पडदा टाकलेला असतो. दृश्य विचलित करणारं आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली बटण असतं. पाहायचं की नाही, हे आपण सेकंदभरात ठरवायचं.

युक्रेन झालं, गाझा झालं, त्याआधी सीरिया झालं. प्रत्येक वेळी तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, असले फोटो दाखवूच नका, लोकांच्या मनावर परिणाम होतो. दुसरी बाजू म्हणते, दाखवलं नाही तर जगाला कळणार कसं?

हा वाद सोशल मीडियामुळे सुरू झाला, असं अनेकांना वाटतं. पण १०० वर्षांपूर्वी महाराष्ट्रात तो झाला होता. तेव्हा टीव्ही नव्हता आणि सिनेमाला आवाजही फुटला नव्हता. एका मूकपटातला एक प्रसंग पाहून प्रेक्षक घाबरले, काही जण बेशुद्ध पडले आणि शेवटी ब्रिटिश सरकारला तो प्रसंग कापावा लागला.

तो प्रसंग चित्रित करणारा माणूस कोल्हापूरचा. शाळेत फारसा न रमलेला, कुठल्याही कलाशाळेत न गेलेला, आणि घरच्या कारखान्यात कॅमेरा तयार करणारा. त्याचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. लोक त्यांना ओळखतात ते बाबूराव पेंटर म्हणून.

मेस्त्रींचं घर

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातला. वडील कृष्णराव हे हाताचे कसबी कारागीर. सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम, चित्रकला असं सगळंच घरात. हातात पटाशी धरायची की कुंचला, असा प्रश्न या घरातल्या मुलांना पडत नसे. दोन्ही धरायचे.

बाबूरावांच्या जोडीला होते त्यांचे आतेभाऊ की मामेभाऊ असा हिशेब कुणी ठेवू नये इतके जवळचे नातलग, आनंदराव मेस्त्री. दोघांची नावं कायम एकत्रच घेतली जायची. दोघांनी मिळून पोट भरण्यासाठी धरलेला धंदा म्हणजे नाटकांचे पडदे रंगवणं.

तो काळ संगीत नाटकांचा होता. रंगमंचाच्या मागे राजवाडा, जंगल, नदीकाठ, देऊळ असं काहीही दाखवायचं असेल तर भलामोठा रंगवलेला पडदा सोडला जायचा. हे पडदे जितके खरे वाटतील तितकी कंपनीची शान. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी या भावांनी रंगवलेले पडदे गाजले. नाव झालं आणि मेस्त्री आडनाव मागे पडून पेंटर हीच ओळख बनली.

खोटं दृश्य इतकं खरं करायचं की पाहणारा ते विसरून जाईल, ही कला बाबूराव इथे शिकले. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या पडद्यांत आहे.

युद्ध ऐकायचं असतं, पाहायचं नसतं

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सिनेमा येण्याआधी आपल्याकडे युद्ध पाहायला कसं मिळायचं?

बहुतेक वेळा मिळायचंच नाही. ते ऐकायला मिळायचं. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा असो की तुळशीदासाचा सिंहगडाचा, शाहीर डफावर थाप मारून लढाई उभी करायचा. पण रक्त किती सांडलं, तानाजी कसा पडला, हे चित्र प्रत्येक श्रोता आपापल्या मनात रंगवायचा. ज्याला जेवढं सोसेल तेवढंच तो बघायचा.

नाटकाचंही तसंच. भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध आणि मृत्यू रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये, पात्रांच्या बोलण्यातून कळवावं, असा संकेत घालून दिला होता. मराठी रंगभूमीने तो नेहमीच पाळला असं नाही, पण नाटकात मारामारी झाली तरी समोर ओळखीचा नट असतो, त्याच्या तोंडी पद असतं, आणि पडदा पडल्यावर तो हात जोडून उभा राहतो. प्रेक्षकाला आतून ठाऊक असतं की हे खोटं आहे.

फोटोने ही सोय काढून घेतली. १८५७ च्या उठावानंतर काही महिन्यांनी, १८५८ मध्ये, फेलिचे बिआतो नावाचा छायाचित्रकार लखनौला पोहोचला. सिकंदर बागेच्या पडक्या इमारतीसमोर अंगणात विखुरलेले मानवी सांगाडे त्याने टिपले. युद्धातल्या मृतांच्या जगातल्या सुरुवातीच्या फोटोंपैकी हा एक. १८६२ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या अँटिएटमच्या रणांगणावरचे मृतदेह न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत भिंतीवर लागले आणि शहरातले लोक रांगा लावून ते पाहू लागले. लढाई दूर होती, पण मेलेल्याचा चेहरा आता हाताच्या अंतरावर आला होता.

आणि मग फोटो हलायला लागले.

चार वर्षांची खटपट

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आनंदराव आणि बाबूरावांनी तो पाहिला आणि दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पडदे रंगवणं पुरे, आता हलती चित्रं काढायची.

त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवला, सिनेमाचे खेळ लावायला सुरुवात केली. पण खेळ लावण्यापेक्षा त्यांना यंत्राच्या पोटात काय आहे यात जास्त रस होता. कॅमेरा विकत घ्यायचा तर तो परदेशातून आणावा लागणार, तेवढे पैसे नाहीत आणि वर पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. मग ठरलं, आपणच बनवायचा.

हे बोलायला सोपं आहे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग पुढे सरकून चालत नाही. प्रत्येक चित्रापुरती ती क्षणभर स्थिर थांबावी लागते, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत यावा लागतो, झडप मिटावी लागते आणि मग फिल्म पुढे जावी लागते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा घडायचं, तेही हाताने दांडा फिरवून. दात्यांचं माप केसभर चुकलं की चित्र थरथरलंच.

हे काम अर्ध्यावर असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले. यंत्राचं डोकं मुख्यतः त्यांचं, असं मानलं जातं. बाबूरावांना हा मोठा धक्का होता. पण त्यांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले या जोडीदाराला घेऊन त्यांनी १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला. कोल्हापुरात, परदेशी मदतीशिवाय, घरच्या कारागिरीवर.

कॅमेरा झाला, पण भांडवल नव्हतं. ते आलं तानीबाई कागलकर या गायिकेकडून. राजर्षी शाहू महाराजांनी जागा दिली, विजेच्या सोयीसाठी मदत केली. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर अशी माणसं जमली. थोड्याच दिवसांत एक पोरसवदा तरुण पडेल ते काम करायला दाखल झाला. त्याचं नाव शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम.

महायुद्ध होतं, पण दिसत नव्हतं

बाबूराव कॅमेऱ्याचे दाते घासत होते त्या वर्षांत महाराष्ट्रातली हजारो पोरं पलटणीत होती. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या होत्या. कूत-अल-अमारा इथे तुर्की सैन्याने त्यांना वेढलं. उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला फौजेला शरण जावं लागलं. कैदेत पुढे अनेक जण मेले.

घरच्यांना यातलं काय दिसलं? जवळपास काहीच नाही. आज युद्ध सुरू झालं की तासाभरात व्हिडिओ येतो. तेव्हा गावात यायचं ते पत्र, नाहीतर तार.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये मात्र वेगळी गोष्ट घडत होती. ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा माहितीपट थिएटरांत लागला. लढाई अजून चालूच होती आणि तिचीच दृश्यं पडद्यावर. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी तिकिटं खपली. बायका आपला नवरा, आपला मुलगा दिसतो का ते पाहायला यायच्या. काही जण थिएटरात रडले, तर काहींनी हे दाखवणं म्हणजे मृतांचा अपमान आहे म्हणून तक्रार केली.

यातली खरी गंमत पुढे आहे. या माहितीपटातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य, सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यातला एक जण गोळी लागून मागे घसरतो, ते खऱ्या लढाईतलं नव्हतं. आघाडीच्या मागे प्रशिक्षणाच्या जागी ते रचून चित्रित केलेलं होतं, असं अभ्यासक आता मानतात. पण प्रेक्षकांचे अश्रू खरे होते.

रचलेलं दृश्य आणि खरी भीती, ही जोडी चार वर्षांनी पुण्यात दिसली.

फेब्रुवारी १९२०, पुण्याचं आर्यन थिएटर

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्यातल्या आर्यन थिएटरमध्ये तो लागला.

कथा महाभारतातली. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या राणीकडे सैरंध्री म्हणून दासीचं काम करते. राणीचा भाऊ कीचक तिच्यावर वाईट नजर ठेवतो. भीम त्याला रात्री नर्तनशाळेत गाठून ठार मारतो. झुंझारराव पवार कीचक झाले होते आणि बाळासाहेब यादव भीम. द्रौपदीसह स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, हेही त्या काळात धाडस. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती पुरुषाने साकारली होती. सिनेमात काम केलं म्हणून कोल्हापूरच्या या अभिनेत्रींना समाजाने दूर लोटलं आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच राहावं लागलं, असं सांगितलं जातं.

बाबूरावांनी आणखी एक गोष्ट केली. ज्या रंगवलेल्या पडद्यांनी त्यांना नाव दिलं, तेच त्यांनी सिनेमातून हद्दपार केले. खांब, भिंती, दालनं असे खरेखुरे सेट उभारले. पात्रांची, कपड्यांची, दागिन्यांची चित्रं आधी कागदावर काढली. प्रकाश कुठून पडेल, सावली कुठे जाईल, हे चित्रकाराच्या नजरेने ठरवलं.

मग कीचकवधाचा प्रसंग आला. महाभारतात हा वध भीषणच आहे, भीम कीचकाच्या देहाचा अक्षरशः गोळा करतो. बाबूरावांनी तो प्रसंग सौम्य केला नाही. पडद्यावर तो इतका खरा उतरला की थिएटरात किंकाळ्या उठल्या, काही स्त्रिया बेशुद्ध पडल्या, अशा आठवणी पुढे वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या. अखेर सरकारने हा प्रसंग कापायला लावला.

प्रेक्षक बेशुद्ध का पडले असतील?

आज आपण जेवताना वेब सिरीजमध्ये खून पाहतो. मग तेव्हाचे लोक इतके भित्रे होते का? तसं नाही.

पहिलं कारण शरीराचं. रक्त किंवा जखम अचानक दिसली की काही माणसांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब झपकन खाली येतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. हे आजही घडतं, अगदी रक्ततपासणीला गेल्यावरही. यात धीट-भित्रा असा प्रश्न नसतो.

दुसरं कारण सवयीचं. मेंदू पडद्यावरचा सुरा आणि समोरचा सुरा यात फरक करायला हळूहळू शिकतो. १९२० चा प्रेक्षक आयुष्यात मोजकेच सिनेमे पाहिलेला होता. काळोख, शेजारी शेकडो माणसं, पुढे पुरुषभर उंचीच्या आकृत्या आणि डोळे मिटण्याशिवाय सुटका नाही.

तिसरं कारण ओळखीचं. कीचक कोण, हे त्या प्रेक्षकाला नीट ठाऊक होतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये आलं. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान आणि भीम म्हणजे जहाल, हे लोकांनी लगेच ओळखलं. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. तीच कथा १० वर्षांनी पडद्यावर आली होती.

म्हणजे सरकारने प्रसंग कापला तो प्रेक्षकांच्या मनाला त्रास होतो म्हणून, की प्रेक्षकांच्या मनात भलतंच काही जागं होतं म्हणून? भीषणता हे वरचं कारण होतं. पण एका सत्तांधाला लोकांसमोर ठार होताना पाहणं, हे सरकारला आवडणारं नव्हतं हेही उघड आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० मध्येच मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला सेन्सॉर मंडळं सुरू झाली. पुढच्याच वर्षी विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून ‘भक्त विदुर’ काही भागांत बंद पडला. दृश्य लपवण्यामागे काळजी आहे की भीती, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले.

रात्रीची लढाई

१९२३ मध्ये बाबूरावांनी थेट रणांगणात उडी घेतली. ‘सिंहगड’. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट. तानाजी मालुसऱ्यांची ४ फेब्रुवारी १६७० ची ती लढाई मराठी माणूस अडीचशे वर्षं ऐकत आला होता. आता ती पाहायला मिळणार होती.

अडचण एकच होती. ही लढाई रात्रीची, आणि तेव्हाचे सिनेमे सूर्यप्रकाशात चित्रित व्हायचे. बाबूरावांनी विजेचे दिवे लावून रात्रीचे प्रसंग घेतले. भारतीय सिनेमात कृत्रिम प्रकाशाचा असा वापर करण्यात हा चित्रपट आघाडीवर मानला जातो. तानाजी झाले बाळासाहेब यादव, शेलारमामा झाले शांताराम आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः बाबूराव.

या चित्रीकरणात बाबूराव घोड्यावरून पडले. त्या अपघातानंतर त्यांच्या बोलण्यात कायमचा दोष राहिला, असं सांगितलं जातं. मूकपटाच्या या दिग्दर्शकासाठी हा नियतीचा विचित्रच प्रकार होता.

‘सिंहगड’ला इतकी गर्दी लोटली की करमणूक कराची कल्पना सरकारला त्यावरून सुचली, अशीही एक आख्यायिका आहे. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. कीचकवध पाहून लोक घाबरले होते. तानाजीचा मृत्यू पाहायला मात्र लोक रांगा लावून आले. मृत्यू दोन्हीकडे आहे, हिंसा दोन्हीकडे आहे. मग फरक कशाचा?

फरक अर्थाचा. तानाजी पडतो तेव्हा प्रेक्षकाला दुःखाबरोबर अभिमानही मिळतो, आणि तो अभिमान घेऊन तो घरी जातो. कीचकवधात उरतो तो मरणाऱ्या देहाचा ओंगळपणा. युद्धाचे फोटो आजही या दोनच टोकांत फिरतात. आपल्या सैनिकाची शवपेटी पाहून छाती भरून येते. कुणाच्यातरी शाळेच्या ढिगाऱ्याचा फोटो मात्र आपण पटकन पुढे सरकवतो, कारण त्याने पोटात नुसतं कालवतं.

सर्वात अवघड दृश्य

१९२४ मध्ये ‘कल्याण खजिना’ आला, लंडनच्या वेम्बले प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. चित्रपटाची सचित्र पोस्टरं छापायला भारतात ज्यांनी सुरुवात केली त्यांत बाबूरावांचं नाव पहिलं घेतलं जातं. पैसा, मान, नाव सगळं होतं. नेमकं तेव्हाच त्यांनी असा सिनेमा केला ज्यात ना देव होते, ना लढाया.

‘सावकारी पाश’, १९२५. कथा ना. ह. आपटे यांची. सावकाराच्या खोट्या कागदांमुळे एका शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. शेतकरी झाले होते शांताराम. रात्रीची वेळ, एक उदास झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, हा त्यातला शॉट पाहणाऱ्यांच्या पुढे कित्येक वर्षं लक्षात राहिला. तलवार नाही, रक्त नाही, पण एक कुटुंब उद्ध्वस्त होतंय.

भारतातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात आज अनेक अभ्यासक इथून मानतात. पण तेव्हा तो चालला नाही. पुराणातला कीचक मरताना पाहून हादरलेला आणि सिंहगडावर गर्दी करणारा प्रेक्षक याला फारसा आला नाही. तिकीट काढून आपलंच दुखणं पाहायला कोण येणार? बाबूराव पुन्हा पौराणिक, ऐतिहासिक चित्रपटांकडे वळले. हाच विषय त्यांनी १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केला. म्हणजे त्यांच्या मनातून तो गेला नव्हता.

माणसं गेली, कुंचला राहिला

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर ही मंडळी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडली आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ‘संत तुकाराम’सारखे चित्रपट देणारी प्रभात ती हीच. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली माणसं पुढे गेली आणि त्यांची स्वतःची कंपनी थोड्याच काळात बंद पडली.

बोलपटांच्या काळातही त्यांनी शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’, नंतर ‘प्रतिभा’ असे चित्रपट केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनात शांतारामांसोबत त्यांचं नाव आहे. पण त्यांचा जीव जास्त रमला तो पुन्हा चित्रकलेत आणि शिल्पकलेत.

याच काळात दुसरं महायुद्ध कोल्हापूरच्या वेशीवर आलं, पण फोटोतून नाही, माणसांच्या रूपाने. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथे पोलंडमधल्या सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध म्हणजे केवळ तलवारबाजी नव्हे, घर सुटणंही असतं, हे कोल्हापूरकरांनी पडद्याशिवाय पाहिलं.

१६ जानेवारी १९५४ ला बाबूराव पेंटर यांचं कोल्हापुरात निधन झालं.

तो प्रसंग आज कुठे आहे?

कुठेच नाही. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’, मूक ‘सावकारी पाश’ यांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. तेव्हाची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची, नीट ठेवली नाही तर कुजायची. भारतातल्या मूकपटांपैकी अगदी मोजके वाचले आहेत. म्हणजे ज्या दृश्याने लोक कोसळले ते आपण कधीच पाहू शकणार नाही. उरली आहे ती पाहणाऱ्यांना काय झालं याची आठवण.

आज उलट आहे. दृश्यं संपता संपत नाहीत आणि आठवण राहत नाही. अमेरिकी लेखिका सुसान सोनटॅग यांनी १९७७ च्या पुस्तकात मांडलं होतं की भीषण फोटो पुन्हापुन्हा पाहून माणूस बधिर होतो. २००३ मध्ये त्यांनीच आपल्या या मताबद्दल शंका घेतली. फोटो स्वतःहून बधिर करत नाहीत, आपण काहीच करू शकत नाही ही भावना बधिर करते, असा त्यांच्या नव्या विचाराचा रोख होता. २०१३ मधल्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणाची लक्षणं जास्त दिसली. म्हणजे लांबून पाहणाराही कोरडा राहत नाही.

मग पाहायचं की नाही? बाबूरावांच्या आयुष्यातून याचं सरळ उत्तर मिळत नाही, पण स्क्रीन वर सरकवताना विचारायचे तीन प्रश्न नक्की मिळतात. हे दृश्य खरं आहे की रचलेलं? एआयच्या काळात तर हा पहिला प्रश्न. दुसरा, हे कुणी लपवत असेल तर माझ्या काळजीपोटी की स्वतःच्या भीतीपोटी? आणि तिसरा, हे पाहून माझी फक्त छाती फुगतेय की समोरच्या माणसाचं दुःखही दिसतंय?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला गेलात तर रस्त्यात कॅमेऱ्याचं शिल्प असलेला स्तंभ दिसेल. शेजारून रिक्षा, दुचाकी जात असतात, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत असतो. ज्या माणसाच्या आठवणीत तो उभा आहे, त्याला आपला कॅमेरा हातात यायला चार-पाच वर्षं लागली होती. काय दाखवायचं, याचा विचार करायला त्याला तेवढा वेळ मिळाला.